आपट्याच्या पानांचा कोळसा

तीस वर्षं पाठीवरून कोळसा वाहून ज्याला कोळशाबद्दल एक अक्षर कळलेलं नाही, असा माणूस अख्ख्या घाटकोपरात एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. अज्ञानी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. साकीनाक्याच्या ज्या माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो तिथे बिल्डरांची माणसं रोज येतात, त्यामुळे अज्ञानाचा मला त्रास होत नाही. पण अज्ञान आणि आत्मविश्वास यांचं इतकं घट्ट मिश्रण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. सिमेंटवाल्यांनी येऊन शिकावं असं आहे ते.

नातं विचाराल तर काहीच नाही. ते माझ्या बाबांचे जोडीदार. कोळशाच्या वखारीत एकट्याला गोण पाठीवर घेता येत नाही. एकाने वाकायचं, दुसऱ्याने गोण त्याच्या पाठीवर चढवायची, मग पुढच्या खेपेला उलट. अशी जोडी एकदा जमली की वखार बंद पडेपर्यंत मोडत नसे. बाबांची आणि ह्यांची तीस वर्षं मोडली नाही. पुढे वखार मोडली, अकरा वर्षांपूर्वी बाबा गेले, तरी डोंगरावरच्या आमच्या चाळीत ह्यांना अजून जोडीदार म्हणूनच ओळखतात. कोणाचे जोडीदार, हे नव्या बिऱ्हाडांना ठाऊकही नाही. मी त्यांना काका म्हणतो. तोंडावर.

वखार सुटली त्या दिवसापासून काकांनी पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावलेला नाही. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पांढरी टोपी, इथवर ठीक आहे. पण पांढऱ्या चपला मिळवण्यासाठी हा माणूस घाटकोपर स्टेशनपासून वाकोल्यापर्यंत प्रत्येक दुकानात भांडून आला. पांढरी छत्री मिळाली नाही म्हणून काळ्या छत्रीला घरातल्या चादरीचं कापड शिवून घेतलं. ती छत्री पावसात चादरीसारखी भिजते आणि काका तिच्याखाली उभे राहून सांगतात, “गळता खरी, पण काळी नाय.” सगळ्या कपड्यांना नीळ इतकी की लांबून येताना ते फिकट निळे दिसतात. हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही. माझ्या आईने मला सांगू दिलेलं नाही.

गॅसच्या शेगडीवर त्यांचा विश्वास नाही. ज्योतीवर हाताची पालथी बाजू धरून ते डॉक्टरसारखी मान हलवतात. “उजेड आसा. उष्णता खंय आसा?” आमच्याकडे एकदा जेवायला बसले, आईने गॅसवर भाजलेला बांगडा वाढला. काकांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, “वैनी, गॅसवरचो बांगडो म्हणजे आंघोळ न करता पावडर लावलेलो माणूस.” असं म्हणून तीन खाल्ले.

माणसांचीही ते कोळशासारखी प्रत लावतात. लवकर पेटणारा, धूर करणारा, ओला, वरून मोठा आणि आतून भुसा. माझ्या लग्नात माझे सासरे त्यांना नमस्कार करून पुढे गेले, ते अजून ऐकू येण्याच्या अंतरावर असताना ह्यांनी शेरा दिला, “ओलो माल.” सासऱ्यांना मालवणी कळत नाही असं मी पुढली दोन वर्षं धरून चाललो होतो. कळतं. आणि मी? मला त्यांनी कॉलेजात गेलो तेव्हाच प्रत लावून ठेवली. “धूर जास्त.”

आता आमच्या भांडणाचं मूळ सांगतो. काकांच्या मते कोळसा म्हणजे जळालेलं जंगल. फार पूर्वी कुठल्यातरी ऋषीने रागाने जंगलाकडे पाहिलं, जंगल पेटलं, विझलं, जमिनीखाली गेलं, तोच हा दगडी कोळसा. ऋषी कोण, जंगल कुठलं, राग कशाचा, यातलं काही विचारलं की उत्तर एकच, “कोळशाबद्दल माका इचारू नको. माझ्या पाठीक इचार.” चाळीत हा मुद्दा बिनतोड मानला जातो. वखारीत लाकडी कोळसा आणि दगडी कोळसा शेजारी शेजारी पडलेला असे. लाकडी कोळसा भट्टीत लाकूड जाळून करतात हे ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग दगडी तरी वेगळा कसा होईल, असा त्यांचा हिशोब. शाळेत न गेलेल्या माणसाचा हिशोब असा असतो. त्यात चूक एकच असते, पण ती मुळात असते.

मी बीएस्सी झालो, जिऑलॉजी घेऊन. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी दहावीच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं, हे मी न लाजता सांगतो आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतो. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन डोंगर चढलो. बाबा आणि काका वखारीतून नुकतेच आले होते, पायरीवर बसले होते, दोघांचेही फक्त डोळे पांढरे. बाबांनी मार्कशीट हातात घेतली नाही, हात काळे होते म्हणून. म्हणाले, “काय शिकलंस ता सांग बघू.” मी म्हटलं, तुम्ही रोज वाहता तेच सांगतो. आणि सांगितलं. दलदलीतली झाडं, त्यांचा पाला, फांद्या, सगळं पाण्यात पडत जातं. पाण्याखाली हवा नाही, म्हणून ते नीट कुजतही नाही, साठत जातं. वर चिखलाचा थर बसतो, पुन्हा पाला, पुन्हा चिखल. वरच्या वजनाने आणि आतल्या उष्णतेने खालचा थर दाबला जातो, त्यातलं पाणी निघून जातं. आधी तो तपकिरी, भुसभुशीत होतो, त्याला पीट म्हणतात. मग लिग्नाइट, मग दगडी कोळसा. कोट्यवधी वर्षं लागतात. आग कुठेही नाही, काका. एक काडीसुद्धा नाही.

सगळी चाळ ऐकत होती. काकांनी आधी पेढा संपवला. मग बाबांकडे वळून म्हणाले, “आयकलंस? म्हणजे तू नि मी तीस वर्सां कुसलेलो पालो व्हायलंव.” चाळ हसली. इतकी हसली की वरच्या ओळीतली माणसं काय झालं ते बघायला बाहेर आली. ते एक वेळ ठीक होतं. पण बाबाही हसले. माझ्या पदवीच्या दिवशी, हातातला पेढा सांभाळत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हे मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून काका मला नावाने हाक मारत नाहीत. “बीएस्सी” म्हणतात.

एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. त्याच पावसाळ्यात वखार बंद पडली आणि दसऱ्यानंतर चाळीच्या मागे, संरक्षक भिंत आणि सामायिक संडास यांच्या मधल्या बोळात एक निळं पिंप आलं, रसायनाचं असतं तसं, झाकणाचं. दसऱ्याला आपण सगळे एकमेकांना आपट्याची पानं सोनं म्हणून देतो. दुसऱ्या दिवशी त्या सोन्याचं काय होतं हे कोणी विचारत नाही. खिशात, टीव्हीवर, चपलांच्या कपाटावर पडून राहतं आणि मग केरात जातं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी हा पांढराशुभ्र माणूस गोण घेऊन दारोदार फिरून ती पानं गोळा करायला लागला. नुसत्या चाळीत नव्हे, डोंगराखालच्या सोसायट्यांतसुद्धा. वॉचमनशी भांडून. त्या पानांत निम्मी आपट्याची नसतात, बाजारवाले कांचनाची पानं खपवतात, हे मी एकदा सांगायला गेलो तर म्हणाले, “सोना म्हणान दिला ना? मगे सोना.” ती पानं पिंपात टाकायची, वर पाणी, वर फळी, फळीवर वखारीतली वीस-वीस किलोची दोन लोखंडी वजनं. कोणी विचारलं, काका, हे काय, की माझ्याकडे बघून म्हणायचे, “कोळसो करतंय.” आणि चाळ पुन्हा हसायची.

दर दसऱ्याला हेच, वीस-बावीस वर्षं. पिंप संडासाच्या मागे असल्यामुळे वासाचा सगळा दोष संडासावर गेला, नाहीतर ते पहिल्याच वर्षी फेकलं गेलं असतं. मी मुलुंडला फ्लॅट घेतला, आईने चाळ सोडायला नकार दिला, म्हणून दर रविवारी मी डोंगरावर जातो, आणि दर रविवारी त्या बोळाच्या तोंडाशी काका पांढऱ्या टोपीत बसलेले असतात. मी त्या बोळात कधी पाऊल टाकलं नाही. माझ्या मार्कशीटची टिंगल करायला ठेवलेलं पिंप मी कशाला बघायला जाऊ? एखादा माणूस एक थट्टा एवढी वर्षं पुरवतो याचं कौतुक करायचं असेल तर ते लोकांनी करावं.

यंदा भाद्रपद संपता संपता डेंग्यूचे पेशंट निघाले आणि पालिकेचं डास-पथक चाळीत आलं. पथकाच्या बाई टॉर्च आणि लांब दांड्याचा डाव घेऊन बोळात शिरल्या, पिंपाचं झाकण उचललं, डाव बुडवून बाहेर काढला आणि काकांच्या नाकासमोर धरला. ही हकिकत मला आईने सांगितली.

“काका, ह्या काय आहेत?”

“पोरां आसत डासांची.”

“मग पाळताय का? आठ दिवसांत रिकामं करा.”

“रिकामा करूक येवचा नाय. आत कोळसो तयार होतासा.”

बाई अनुभवी असाव्यात. म्हणाल्या, “कोळसा बनवा नाहीतर हिरा बनवा, उघडं पाणी चालणार नाही. लॅबचा प्रयोग वगैरे असेल तर तसं लेखी द्या, मी वर दाखवते. नाहीतर पुढच्या रविवारी माणसं आणून ओतणार.”

त्या रविवारी मी गेलो तर काका बोळाच्या तोंडाशी नव्हते. आमच्या खोलीत, माझ्या पदवीच्या फ्रेमखाली, खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. टोपी हातात. वखार सुटल्यापासून त्यांना टोपीशिवाय मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“बीएस्सी, तुझ्या हापिसाच्या कागदार चार ओळी लिवन दी. शिक्को मार. ह्यो प्रयोग आसा म्हणान.”

“कसला प्रयोग, काका?”

“तुझोच.”

झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, काका, ज्या लेटरहेडवर पंचवीस मजली बिल्डिंगचा पाया ठरतो त्याच्यावर मी सडक्या पानांच्या पिंपाला सर्टिफिकेट देऊ? ऋषीच्या रागाचं काय झालं? त्यालाच सही करायला सांगा. आई चहा गाळता गाळता म्हणाली, “दे ना रे लिहून. तुझं काय जातंय. बाबा असते तर सही केली असती त्यांनी.”

“बाबांना सही येत नव्हती,” मी म्हटलं. “म्हणून तर मी शिकलो.”

आईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, तोही जरा लांबच. काकांनी टोपी घातली, उठले, दारात थांबून म्हणाले, “वजनां तरी काढून ठेवक होयी. वखारीची आसत.” आणि गेले.

पुढच्या रविवारी पथक वेळेवर हजर. बाई आणि दोन माणसं. सगळी चाळ बोळाशी, तमाशा बघायला, आणि मीही. थट्टेचा शेवट बघायचा मला हक्क होता. काकांनी वजनं एकट्याने, सरकवत सरकवत काढली होती. पांढऱ्या लेंग्यावर गंज लागला होता, तो त्यांनी झटकलाही नव्हता. झाकणाला एका बाजूने हातभर चीर गेलेली होती, डास तिथूनच शिरत होते. दोन्ही माणसांनी पिंप आडवं केलं. आधी चहासारखं काळसर पाणी आलं, मग काहीच नाही. एकाने बुडावर लाथ मारली, तेव्हा आतला गठ्ठा सरकत बाहेर आला आणि फरशीवर तसाच आडवा राहिला. फुटला नाही.

मी रोज हेच काम करतो. जमिनीत भोक पाडून काढलेला मातीचा दांडा टेबलावर आडवा येतो आणि त्याच्याकडे बघून सांगायचं असतं, कुठला थर काय, कधीचा, त्या वेळी काय घडलं. त्यामुळे मी वाकलो, ते सवयीने वाकलो. वरच्या टोकाला पानं पानांसारखी होती, दोन दलांची, शिरा मोजता येतील अशी. पुढे तपकिरी, चिकटलेली. अगदी तळाशी गडद तपकिरी, भुसभुशीत, हाताने मोडली तर तंतू दिसतील अशी वडी. आणि दर थरावर पिवळ्या मातीची बोटभर रेघ. पाला, चिखल. पुन्हा पाला, पुन्हा चिखल. मी थर मोजले. तेवीस. खालचे बारा जाड होते आणि वरचे अकरा पातळ. हे चुकीचं होतं. खालचे थर जास्त वर्षं, जास्त वजनाखाली दाबलेले, ते पातळ असायला हवेत. हे उलटं होतं.

“काका, खालचे थर जाड कसे?”

“तेवा आमी दोघां होतंव,” काका म्हणाले. “दोन गोणी पालो मिळा. मगे मी एकटो.”

बाईंनी टॉर्च बंद केला.

“तू पास झालंस ना, त्या दसऱ्याक तुझ्या बापाशीन ह्यो इषय काढल्यान. म्हणालो, माझो झील खोटा सांगूचो नाय, पण आपण एकदा करून बघूया. पयलो थर तेनाच घातल्यान. तू सांगलंस तसोच, वर चिखल, वर वजन. माका म्हणालो, झालो काय त्येका दाखवया, तोपर्यंत सांगू नको. तू भायर गेल्याशिवाय तो गोण हातात घेय नाय.” काका त्या वडीकडे बघत होते. “पण काळो खंय झालो? अजून चाकलेटीच हा.”

तेवीस वर्षं ज्याला मी माझी टिंगल समजत होतो तो माझा एकमेव धडा होता, दोन निरक्षर माणसांनी शब्दन् शब्द पाळलेला. काकांचा ऋषीवरचा विश्वास ढळला नव्हता, आजही ढळलेला नाही. तरी त्यांनी आग लावली नव्हती. एक काडीसुद्धा नाही. आणि मी, पदवीधर, एकदा त्या बोळात डोकावलो असतो तर बाईंना हवं तेच कोळशालाही हवं आहे, एवढं तरी माझ्या लक्षात आलं असतं. दोघांनाही घट्ट झाकण हवं होतं.

“काका, हे पीट आहे,” मी म्हटलं. चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. “तपकिरीच असतं. बरोबर आहे हे. पहिली पायरी बरोबर झालीय.”

“तू सांगतंस म्हणान,” काका म्हणाले. पण टोपी सरळ केली.

बाईंना मी दोन दिवसांची मुदत मागितली आणि दुसऱ्याच दिवशी लेटरहेडवर टाइप केलं: सदर पिंपात वनस्पतींपासून कोळसा तयार होण्याची प्रक्रिया सुरू आहे. पहिला टप्पा समाधानकारक. प्रक्रिया पूर्ण होण्यास काही कोटी वर्षे लागतील. तोपर्यंत पिंप हलवू नये. खाली सही, शिक्का, कंसात बीएस्सी. बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला.

“काही कोटी?”

“कमीत कमी.”

“झाकण नवीन घ्या,” त्या म्हणाल्या आणि कागद फायलीत घातला. त्याची एक प्रत काकांनी प्लास्टिकमध्ये घालून पिंपावर लावली आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून दर रविवारी मी ती वाचून दाखवायची असते. ‘पहिला टप्पा समाधानकारक’ हे दोनदा.

गठ्ठा आम्ही जसाच्या तसा परत आत घातला, तळ तळाला. यंदा दसऱ्याला मी मुलुंडच्या आमच्या सोसायटीतलं सगळं सोनं पिशवीत भरून डोंगरावर नेलं, लिफ्टमध्ये लोकांनी माझ्याकडे जसं बघायचं तसं बघितलं. चोविसावा थर जाड झाला. वर चिखल काकांनी पसरला, पांढरे कपडे सांभाळत, फार वाईट पसरला. फळी ठेवली. मग वजनाच्या कडीला एका बाजूने हात घालून ते वाकले आणि न उचलता तसेच थांबले, मान वर न करता. दुसरी बाजू मोकळी होती. मी बाह्या वर केल्या आणि धरलं.

नवं झाकण बसवल्यावर काकांनी त्याच्यावर हात ठेवला, गॅसच्या ज्योतीवर धरतात तसा, पालथा. “आता किती वर्सां रवली?”

“काही कोटी, काका.”

“मगे चा घेव,” ते म्हणाले, आणि पुढे होऊन त्यांनी आमच्या खोलीच्या दिशेने हाक मारली, “वैनी, दोन कप टाक. बीएस्सीचो धूर कमी झालो.”